भोकरीचा वेल

आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारात द्राक्षं घेताना गिऱ्हाईक फार तर एवढंच विचारतं, हिरवी की काळी? बी आहे का, हा प्रश्न आता कुणाच्या तोंडी येत नाही. अगदी जयपूरलाही फेब्रुवारी-मार्चमध्ये हातगाडीवर जी लांबट हिरवी द्राक्षं मिळतात तीसुद्धा बहुधा नाशिक-सांगलीकडचीच, आणि एकाच घराण्यातली: थॉमसन सीडलेस, किंवा तिच्यातूनच निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र नाशिक, पुणे आणि दौलताबादच्या बागांत द्राक्षाला वेगवेगळी नावं होती. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी, काळी साहेबी, हबशी, कंधारी. प्रत्येकीचा घड वेगळा, साल वेगळी, पिकण्याची वेळ वेगळी. या जाती दख्खनच्या मातीत रुजायला शतकं लागली. त्यांचं जाणं मात्र एका पिढीत उरकलं, आणि त्याची नोंद घ्यावी असं फारसं कुणाला वाटलंही नाही.

दख्खनला द्राक्षाची दारू आधी माहीत झाली आणि वेल नंतर आला, असं उपलब्ध पुराव्यांवरून दिसतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात मद्य आहे, आणि इटलीच्या मद्याला सगळ्यात जास्त पसंती असल्याचंही त्यात सांगितलं आहे. भडोचहून पैठण आणि तेर या बाजारपेठांकडे जाणाऱ्या वाटांचं वर्णन त्याच ग्रंथात येतं. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले, तेव्हा त्या वर्णनाला मातीचा पुरावा मिळाला. म्हणजे सातवाहनांच्या काळात सह्याद्रीच्या पूर्वेला कुणीतरी इटलीच्या उतारांवरच्या द्राक्षांचं मद्य पीत होतं. कौटिल्याला द्राक्षाच्या रसाचं मद्य ठाऊक होतं. त्यानं त्याला 'मधु' म्हटलं आहे आणि त्याचे जे प्रकार सांगितले आहेत ते कापिशायन आणि हारहूरक, म्हणजे दूर वायव्येकडच्या प्रदेशांच्या नावांचे. आपल्या रानातही द्राक्षाच्या कुळातला गोलिंदा वाढतो, पण त्याची फळं काही ताटात घेण्यासारखी नसतात.

खायच्या द्राक्षाचा वेल इराण-अफगाणिस्तानच्या वाटेनं उत्तरेत आला आणि तिथून दख्खनमध्ये. त्याचा संबंध बहुतेक अभ्यासक दौलताबादशी जोडतात. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा दिल्लीची माणसं, त्यांचे माळी, त्यांच्या खाण्यापिण्याच्या सवयी, सगळंच इकडे आलं. राजधानी परत गेली, बागा मागे राहिल्या. पंधरा वर्षांनी, १३४२ मध्ये, इब्न बतूता सुलतानाचा वकील म्हणून चीनला जायला निघाला, तो वाटेत दौलताबादला थांबला. इथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो, हे त्यानं आवर्जून लिहून ठेवलं.

मोरोक्कोच्या माणसाला याचं नवल का वाटलं, ते समजण्यासारखं आहे. त्याच्या ओळखीच्या मुलखात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं टाकून झोपी जातो आणि वसंतात जागा होतो. वर्षाला एकच पीक. दख्खनमध्ये वेलाला झोपवणारी थंडीच पडत नाही. तो बारा महिने वाढत राहतो, म्हणून त्याला माणसानं कात्री लावून थांबवावं आणि उठवावं लागतं. पूर्वी वर्षातून दोनदा छाटणी करून दोन पिकं घेत. त्यातलं पावसाळ्यात येणारं आंबट आणि रोगट, हिवाळ्याअखेर पिकणारं गोड. पुढे बागायतदारांनी आंबट पिकाचा नाद सोडला. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नुसती काडी वाढवायची आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून त्या काडीवर घड धरायचे, ही आजची रीत त्यातूनच आली. द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या आणि एक पीक देणारी ही पद्धत दख्खनच्या शेतकऱ्यानं स्वतःच्या अनुभवातून घडवली आहे. आज आपण द्राक्षशेतीला परदेशी तंत्राची देणगी मानतो, तेव्हा तिचा हा पाया विसरतो.

जुन्या बागेत मांडव नव्हता, लोखंडी तार नव्हती. वेल पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवत. पांगारा लावला की लागतो, त्याला काटे असतात, वाळवी लागत नाही आणि जिवंत असल्यानं तो कुजत नाही. हिवाळ्यात त्याची पानं झडतात, म्हणजे घड पिकायच्या दिवसांत ऊन आत शिरतं. उन्हाळ्यात पुन्हा पालवी फुटते, तेव्हा वेलाला सावली होते. नाशिककडच्या आणि पुण्याकडच्या बागा अशाच होत्या.

या द्राक्षांची दारू होत होती का? होत होती, पण फारशी चांगली नाही. फ्रेंच प्रवासी थेव्हेनो १६६६ मध्ये सुरतेला उतरला. सुरतेच्या बाजारात येणारी द्राक्षं चार दिवसांच्या वाटेवरच्या नवापूरहून येतात, असं त्याच्या वर्णनात आहे. हे आपलं नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. सुरतेचे डच व्यापारी त्या द्राक्षांची वाइन करत. ती इतकी आंबट होई, की साखर घातल्याशिवाय घशाखाली उतरत नसे. इंग्रजी अमलात पुन्हा प्रयत्न झाले. १८८४ च्या कलकत्त्याच्या प्रदर्शनात काश्मीर, गोवळकोंडा, सुरत आणि बारामती इथल्या वाइन मांडल्या होत्या. बारामतीचं नाव आज साखरेशी आणि राजकारणाशी जोडलेलं आहे. तिथली वाइन एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला गेली होती, हे बारामतीकरांनाही कदाचित नवं वाटेल.

त्या प्रयत्नातून परंपरा मात्र उभी राहिली नाही. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या आबकारी कायद्यानं मद्य हा सरकारी महसुलाचा विषय करून टाकला आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं उरलीसुरली वाट बंद केली. मराठी घरात द्राक्ष हे आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचं फळ राहिलं. मनुका काबूलकडून आली आणि दिवाणखान्यापेक्षा आजीच्या औषधाच्या डब्यात तिला जास्त मान मिळाला. वैद्यांच्या घरी द्राक्षासव मुरत राहिलं, एवढाच काय तो आंबवलेल्या द्राक्षाशी आपला घरोबा.

आता थोडं दूर जाऊ. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमांना लागून, आओस्ता नावाचं एक खोरं आहे. एका टोकाला माँ ब्लां, दुसऱ्या बाजूला मॅटरहॉर्न. इटलीतला हा सगळ्यात लहान प्रांत. मधून दोरा बाल्तेआ नदी वाहते आणि तिच्या काठच्या उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांच्या शेतात द्राक्षं होतात. मॉर्जे आणि ला साल या गावांत तर समुद्रसपाटीपासून ९०० ते १२०० मीटरवर. तिथल्या पांढऱ्या द्राक्षाचं नाव प्रिए ब्लां. तिच्या बागा युरोपातल्या सर्वांत उंचावरच्या बागांमध्ये गणल्या जातात. मांडव कमरेइतकाच ठेंगणा, कारण वाऱ्यापासून आणि बर्फापासून वेल वाचला पाहिजे आणि दिवसा तापलेल्या जमिनीची ऊब रात्री घडांना मिळाली पाहिजे. या जातीला थोडका उन्हाळा पुरतो. लवकर पिकते, थंडी यायच्या आत घरी येते. लाल द्राक्षांत पती रूज, फ्युमँ, मायोले, व्युईयेर्मँ अशा कितीतरी जाती, आणि यांतल्या बहुतेक त्या एका खोऱ्याबाहेर जवळजवळ कुणी लावत नाही.

एकोणिसाव्या शतकात आओस्ताला द्राक्षं भरपूर होती. त्या काळात लोरेंझो फ्रांचेस्को गात्ता नावाच्या एका डॉक्टरानं एक काम केलं, ज्याचं मोल पुढे कळलं. त्यानं खोऱ्यातल्या द्राक्षजातींची आणि वाइनची रीतसर नोंद केली आणि १८३८ मध्ये ती छापली. कुठली जात कुठल्या गावात होते, तिचं पान कसं, घड कसा, वाइन कशी. त्यानंतर खोऱ्यावर एकामागून एक आपत्ती आल्या. अमेरिकेतून आलेले भुरी आणि केवडा हे रोग आले. फायलोक्सेरा नावाचा मुळं खाणारा किडा आला, त्यानं सगळ्या युरोपातल्या बागा झोपवल्या. मॉर्जेच्या उंचावरची प्रिए ब्लां तेवढी त्यातून वाचली, म्हणून तिचे वेल आजही परक्या खुंटावर कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. मग दोन महायुद्धं. मग कारखान्यांनी तरुण माणसं ओढून नेली आणि पायऱ्यांची शेतं ओस पडली. द्राक्षांचं क्षेत्र आटत आटत काही शे हेक्टरवर आलं.

त्या पडझडीत खोऱ्यातल्या लोकांनी काय केलं, ते आपण नीट पाहावं असं मला वाटतं. मॉर्जेच्या चर्चचे पाद्री अलेक्सांद्र बुजा यांनी प्रिए ब्लांची वाइन नेटकेपणानं बाटलीत भरून बाहेरच्या जगापुढे ठेवली. १९५१ मध्ये आओस्ता गावाजवळ एक कृषी शाळा निघाली. ग्रेट सेंट बर्नार्ड घाटातल्या मठाच्या साधूंनी ती चालवली आणि पुढे तिची संशोधन संस्था झाली. १९८३ मध्ये मॉर्जे आणि ला सालच्या शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी उभी राहिली. कृषी संशोधन संस्थेच्या माणसांनी जुन्या बागांत हिंडून नामशेष होत आलेल्या जातींचे वेल हुडकले. व्युईयेर्मँचे मोजके वेल उरले होते. त्यांच्या काड्या घेऊन रोपं केली, ती पुन्हा शेतकऱ्यांना दिली आणि आज तिची वाइन बाटलीवर तिचंच नाव लावून विकली जाते. हे करताना गात्ताची दीडशे वर्षांपूर्वीची नोंद हाताशी होती. काय हरवलं आहे हे माहीत होतं, म्हणून ते शोधता आलं.

आपल्याकडे त्याच काळात उलट्या दिशेनं पावलं पडली, आणि ती टाकणारी माणसं मोठ्या योग्यतेची होती. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यातल्या व्यापारी द्राक्षबागेची सुरुवात ओझरची मानली जाते. तिथे १९२५ मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी बाग लावली. पुण्यात डॉ. जी. एस. चिमा यांनी फळझाडांचं संशोधन अक्षरशः पायापासून उभं केलं. पांढऱ्या साहेबीच्या बियांपासून रोपं वाढवून त्यांनी त्यातून एक निवडली, ती 'चिमा साहेबी'. दख्खनच्या जुन्या द्राक्षातूनच दख्खनचं नवं द्राक्ष काढायचं, हा तो मार्ग होता, आणि तो पुढे चालू राहायला हवा होता. पण लवकरच हैदराबादची अनाब-ए-शाही आली, मोठ्या मण्यांची आणि भरघोस उत्पन्नाची. तिच्यामागून कॅलिफोर्नियात नावारूपाला आलेली थॉमसन सीडलेस. साठच्या दशकाच्या आरंभी पुण्यात द्राक्ष बागाईतदार संघ उभा राहिला होता, शेतकरी एकमेकांच्या बागा पाहायला जात होते, जिबरेलिक आम्लानं बिनबियांचे मणी मोठे करायची हातोटी साधली. सत्तरच्या दशकात बी असलेलं द्राक्ष मागे पडलं ते कायमचं.

शेतकऱ्याला यात दोष देता येणार नाही. भोकरी भरपूर पिकायची, पण गोडी बेताची आणि साल जाड. फकडी नाजूक आणि चवीची, पण रोगाला लवकर बळी पडणारी. कर्ज काढून बाग उभी करणारा माणूस मुंबई-दिल्लीच्या बाजाराकडे बघणार, आणि बाजाराला बी नको होती. शिवाय थॉमसनलाही त्यानं आपलंसं केलंच. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतली वेगळी फांदी ओळखली, ती तास-ए-गणेश झाली. उत्तर सोलापुरातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी तशाच नजरेनं सोनाका शोधली. शेतकऱ्यांनी नुसत्या डोळ्यांनी हजारो वेलांतून एक काडी वेगळी काढावी, ही महाराष्ट्राच्या शेतीतली फार मोठी गोष्ट आहे. खंत इतकीच, की ही नजर एका परक्या जातीवर खर्च झाली आणि त्याच वेळी पांगाऱ्यावरच्या भोकरीचे बुंधे सरपणात गेले.

मग वाइन आली, आणि तिनंही जुन्या द्राक्षांकडे पाहिलं नाही. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीनं फेसाळ वाइन काढली आणि 'ओमर खय्याम' या नावानं ती परदेशात विकली. पिंपळगाव बसवंतला शेतकऱ्यांनी 'पिंपेन' या वाइनचा घाट घातला. १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला सोव्हिन्यों ब्लां आणि शनँ ब्लांची लागवड केली आणि २००० मध्ये त्यांच्या सुला वाइनरीची पहिली वाइन बाजारात आली. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि दिंडोरी-निफाडमध्ये शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा लावल्या. शिराझ, कॅबरने, झिनफँडेल. २००८ च्या जागतिक मंदीनं आणि त्याच वर्षीच्या मुंबईवरच्या हल्ल्यानं मागणी कोसळली. टाक्या भरलेल्या राहिल्या, करार केलेली द्राक्षं उचलली गेली नाहीत, पुष्कळांनी बागा तोडल्या. वाइनचं द्राक्ष खायला कुणी घेत नाही, त्यामुळे तोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. उद्योग त्यातून सावरला आणि 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकन गावाच्या नावाला आहे. बाटलीतलं द्राक्ष बरंचसं मूळचं लुआर आणि ऱ्होनच्या खोऱ्यांतलं आहे.

मला हे खुपतं. नाशिकची सोव्हिन्यों ब्लां उत्तम असेल, आहेही. पण ती न्यूझीलंडच्या, चिलीच्या, फ्रान्सच्या सोव्हिन्यों ब्लांच्या रांगेत उभी राहते आणि तिथे तिला नेहमीच आपण कोण ते सांगावं लागतं. मॉर्जेच्या शेतकऱ्याला ती अडचण नाही, कारण त्याचं द्राक्ष जगात दुसरीकडे नाही. कुणी म्हणेल, भोकरीत गोडी कमी, तिची वाइन पांचट होणार. साध्या, बिनफेसाच्या वाइनला ते लागू पडेल. फेसाळ वाइनला मात्र कमी साखरेचं आणि जास्त आम्लाचंच द्राक्ष लागतं. दख्खनच्या उन्हात फ्रेंच जातींचं आम्ल झपाट्यानं उतरतं म्हणून त्या घाईनं तोडाव्या लागतात. इथल्या उन्हाला शतकांपासून सरावलेल्या जातीवर हा प्रयोग करण्यासारखा आहे, आणि तो नाशिकच्या एखाद्या वाइनरीनं करावा. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेनं बेंगलोर ब्ल्यू आणि काळी चंपा यांच्या संकरातून अर्का श्याम काढली ती काही वर्षांची मेहनत होती. तशीच मेहनत साहेबी आणि हबशीवर घेता येईल.

जुनं जपण्याच्या बाबतीत राजस्थानचं उदाहरणही घेण्यासारखं आहे. तिथल्या रजवाड्यांत केसर कस्तुरी, चंद्रहास अशी आसवं ज्या त्या घराण्याच्या कृतीनं गाळली जात. संस्थानं गेल्यावर त्या कृती घराण्यांच्या वह्यांत अडकून पडल्या असत्या. राजस्थान सरकारच्या गंगानगर शुगर मिल्सनं त्या मिळवल्या आणि वारसा म्हणून पुन्हा बाजारात आणल्या. कृती वहीत टिकते. वेल वहीत टिकत नाही, त्याची जिवंत काडीच लागते, म्हणून आपलं काम जास्त निकडीचं आहे.

त्यासाठी लागणारी संस्था आपल्याकडे आहे. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि तिथे देशविदेशातल्या शेकडो जातींचा संग्रह जपलेला आहे. आगरकर संशोधन संस्थेचं द्राक्षावरचं कामही जुनं आहे. भोकरी तर तमिळनाडूत पचद्राक्ष या नावानं ओळखली जाते, म्हणजे तिचा धागा महाराष्ट्राबाहेरही सापडतो. संग्रहातल्या ओळीत एक-दोन वेल असणं आणि बागेत पीक म्हणून असणं यात फरक आहे, आणि तो फरक शेतकरीच भरून काढू शकतात.

म्हणून दौलताबाद, खुलताबाद, नाशिक, ओझर, नारायणगाव, तासगावकडच्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या मळ्यात, विहिरीच्या काठाला, पडक्या वाड्याच्या अंगणात बी असलेल्या द्राक्षाचा जुना वेल उभा असेल, तर तो तोडू नका. घरातल्या जुन्या माणसांना त्याचं नाव विचारा आणि लिहून ठेवा. घड धरला की त्याचा आणि पानाचा फोटो काढा. येत्या ऑक्टोबरच्या छाटणीत त्याच्या चार-पाच डोळ्यांच्या पिकलेल्या दोन-चार काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून मांजरीला पोचवा, आणि एक काडी शेजाऱ्याच्या बांधावर लावा.